सरकारी वकील नको, मोफत वकील पाहिजे: नागपुरात कुठे आणि कसा मिळतो?

बजाजनगरवाला | १९ जानेवारी, रात्री १०:४०

मंडळी, मदत पाहिजे. लांबलचक आहे, पण पूर्ण वाचा.

आमच्याकडे नऊ वर्षांपासून स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी आहेत. नवरा नाही. मुलगा २२ वर्षांचा, कळमन्याच्या मार्केटात हमाली करतो, कधी लोडिंगच्या गाडीवर जातो. दिवाळीनंतर त्याने एका ओळखीच्याकडून सेकंडहँड ॲक्टिव्हा घेतली, आठ हजारांत. कागद आठ दिवसांत देतो म्हणाला, ते आठ दिवस काही आले नाहीत. ११ तारखेला नाकाबंदीत पोलिसांनी अडवलं, नंबर टाकून पाहिला, गाडी चोरीची निघाली, कोणा बाईची. विकणारा फरार आणि घेणारा आत. दोन दिवस पीसीआर (पोलीस कोठडी), मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी), आता वर्धा रोडला सेंट्रल जेलमध्ये आहे.

मावशींनी भिशीचे आणि शेजारणीचे मिळून १५ हजार उभे केले आणि कोर्टाच्या गेटजवळ भेटलेल्या एका वकिलाच्या हातात ठेवले. पावती नाही. वकीलपत्रावर पोराची सही नाही. दोनदा फोन उचलला, "अर्ज टाकला आहे, पोलिसांचा से यायचा आहे" म्हणाले ('से' म्हणजे अर्जावर पोलिसांचं लेखी म्हणणं). आता फोनच उचलत नाहीत.

मी म्हटलं, मावशी, ज्याला परवडत नाही त्याला कोर्ट वकील देतं. तर त्या म्हणाल्या, "नको दादा. सरकारी वकील त पोलिसायचाच माणूस असते. तो माह्या पोराले आनखी अडकवन."

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. मी एका कॉलेजात अकाउंट्सला आहे, बावीस वर्षं पगारपत्रकं करतो, पण हा मोफत वकील नक्की कोण, कुठे बसतो आणि कोणाच्या बाजूने असतो हे मलाही माहीत नव्हतं. कोणी सांगेल का? उत्पन्नाचा दाखला लागतो का? तहसीलमध्ये दाखल्याला किती दिवस लागतात ते तुम्हाला माहीत आहेच.

---

तर्रीपोहे | १९ जानेवारी, रात्री १०:५८

बिना कागदाची गाडी काहून घेतली बाप्पा त्यानं? आठ हजारात ॲक्टिव्हा कोण देते?

---

बजाजनगरवाला | १९ जानेवारी, रात्री ११:०४

घेतली भाऊ. हमालाला शोरूमवाला हप्त्यावर उभा करत नाही. आता पुढे बोला.

---

काळाकोट | १९ जानेवारी, रात्री ११:३७

मावशी बिचाऱ्या चुकीचं बोलल्या नाहीत. गोंधळ आपल्या भाषेनेच करून ठेवला आहे. आपल्याकडे 'सरकारी वकील' म्हणजे फिर्यादी पक्षाचा, शासनाच्या वतीने आरोपीविरुद्ध उभा राहणारा. गरीब आरोपीला जो मिळतो त्याचेही पैसे सरकारच देतं, पण तो सरकारी वकील नव्हे. त्याचं आताचं अधिकृत नाव 'लोकअभिरक्षक'. नाव चांगलं आहे, पण वस्तीत जाऊन विचारा, दहातल्या एकालाही उच्चारता येणार नाही. मी स्वतः अकरा वर्षं विधी सेवेच्या, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, पॅनलवर (वकिलांच्या यादीत) होतो, आता नाही. पक्षकार पहिल्याच भेटीत विचारायचे, "तुम्ही आमचे का त्यायचे?"

आता कामाचं.

१) उत्पन्नाचा दाखला लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम १२ वाचा. जो कोठडीत आहे तो कोठडीत आहे एवढ्यावरच पात्र. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल, दिव्यांग असेल, लहान मूल असेल, तरी उत्पन्न विचारत नाहीत. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे.

२) न्यायमंदिराच्या, म्हणजे जिल्हा कोर्टाच्या, आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. आकाशवाणी चौकातून आत या आणि कोणालाही विचारा. गेटवर जो आपणहून "काय काम आहे ताई" म्हणत पुढे येईल, त्याला मात्र विचारू नका.

३) मावशींचं आधार कार्ड, एफआयआरची प्रत असेल तर ती, नसेल तर ठाण्याचं नाव आणि सीआर नंबर (गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक). पोराची सही जेलमधून येते, त्याची काळजी करू नका. तो आतूनही अधीक्षकांमार्फत अर्ज देऊ शकतो. फोनच करायचा तर हेल्पलाइन १५१००.

४) आधीच्या वकिलाने वकीलपत्र खरंच दाखल केलं आहे का, ते कोर्टात बघून घ्या. पैसे गेले हे धरून चाला. तक्रार बार कौन्सिलकडे करता येते, पण पावती नाही म्हणता. त्यांचं नाव इथे लिहू नका.

आणि एक. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात सांगून ठेवलं आहे. चोरीचा माल घेण्याला शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पहिल्या रिमांडलाच कोणी उभं असतं तर हा मुद्दा तिथेच घेता आला असता. उभं कोणी नव्हतं, बरोबर?

---

बजाजनगरवाला | १९ जानेवारी, रात्री ११:४९

मावशी म्हणतात, जजसाहेबांनी काहीतरी विचारलं आणि त्याने मान हलवली. काय विचारलं ते त्याला कळलं नाही.

---

धरमपेठ_एक्स्प्रेस | २० जानेवारी, सकाळी ७:१५

मला हे पटत नाही, सरळ सांगतो. गेल्या मार्चमध्ये बर्डीवरून माझी गाडी गेली. तक्रारीसाठी चार चकरा. विम्यासाठी सहा महिने. मला कोणी मोफत वकील दिला नाही. आणि चोरीच्या गाडीवर फिरणाऱ्याला माझ्या टॅक्सच्या पैशातून वकील? सहानुभूती असावी, पण जिची ॲक्टिव्हा गेली त्या बाईचा विचार कोणी केला का या धाग्यात?

---

निवृत्त_नाझर | २० जानेवारी, सकाळी ८:०२

एक्स्प्रेस, तुमचा त्रास खरा आहे. पण एक गोष्ट बघा. तुमच्या गाडीच्या खटल्यात तपास अधिकारी सरकारचा, पंचनामा सरकारचा, प्रयोगशाळा सरकारची, बाजू मांडणारा वकील सरकारचा. तुम्हाला फी पडत नाही कारण तुमच्या वतीने अख्खं शासन उभं असतं. समोर बावीस वर्षांचा पोरगा, ज्याला 'से' म्हणजे काय हेही माहीत नाही.

मी चौतीस वर्षं कोर्टात काढली. सुरुवातीच्या काळात मी पाहिलेली पद्धत अशी. आरोपीला वकील नाही असं दिसलं की साहेब समोरच्या बाकाकडे बघायचे. तिथे जो ज्युनियर मोकळा बसला असेल त्याला "तुम्ही घ्या हो" म्हणायचे. तो उभ्या उभ्या कागद चाळायचा आणि साक्षीदाराची उलटतपासणी दोन प्रश्नांत संपायची. रोजनाम्यात मात्र 'आरोपीतर्फे वकील हजर' असं सुबक अक्षरात. ते अक्षर पुष्कळदा माझंच असे.

---

काळाकोट | २० जानेवारी, सकाळी ९:२०

नाझर साहेब, नमस्कार. त्या 'तुम्ही घ्या हो' वर सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये अनोखीलाल प्रकरणात नीट लिहिलं आहे. मध्य प्रदेशातला फाशीचा खटला. ज्या दिवशी वकील नेमला त्याच दिवशी दोषारोप ठेवले, त्याला आरोपीशी बोलायलाही वेळ नाही. शिक्षा रद्द झाली, खटला पुन्हा चालवायला सांगितला. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात किमान दहा वर्षं वकिली झालेलाच नेमायचा आणि तयारीला साधारण सात दिवस तरी द्यायचे, असं त्यात ठरलं.

एक्स्प्रेस, आणखी एक. पीडित बाई असेल तर तिलाही कलम १२ खाली वकील मिळतो. ॲक्टिव्हा गेलेली बाई उद्या आली तर त्याच ऑफिसात तिचाही अर्ज घेतील.

---

विद्या_ह | २० जानेवारी, दुपारी २:४५

माझा अनुभव लिहिते, कारण सगळं गोड गोड वाटायला नको.

पोटगीच्या केससाठी मी विधी सेवेतून वकील घेतले होते. फौजदारी नाही, फॅमिली कोर्टाचं, आणि पॅनलवरचे वकील. माणूस वाईट नव्हता. पण सात तारखांपैकी तीनला आलेच नाहीत, दोनदा ज्युनियर पाठवला, त्याला माझं नावही माहीत नव्हतं. नवऱ्याकडून मोठे वकील. एकदा मी विचारलं, सर, तुम्ही वेळेवर काहून येत नाही? ते म्हणाले, ताई, मला या केसचे जे मिळतात त्यात पेट्रोलही निघत नाही आणि तेही केस संपल्यावर. मला राग आला होता, पण खोटं बोलले नव्हते ते.

पोटगी मिळाली. सव्वा वर्ष जास्त लागलं असेल. पैसे देऊन वकील केला असता तर कदाचित लवकर झालं असतं. पण पैसे नव्हतेच, म्हणून पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

---

काळाकोट | २० जानेवारी, दुपारी ४:१०

विद्याताई, बरोबर आहे तुमचं. मी पॅनल सोडलं त्यामागेही थोडं हेच होतं. खासगी केस आणि विधी सेवेची केस एकाच वेळी पुकारली गेली तर वकील कुठे धावणार? जिथून घर चालतं तिथे. आरोपीची बाजू मांडायची आणि त्यातून झेरॉक्सचाही खर्च सुटायचा नाही, मग 'मोफत' चा अर्थ लोक 'फुकटचा' असा घेणारच.

म्हणून २०२२ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ही लोकअभिरक्षकांची योजना आणली. दर महिन्याला ठरलेलं मानधन, पूर्णवेळ काम, खासगी वकिली पूर्ण बंद. ऑफिस, टायपिस्ट, शिपाई. वर मुख्य लोकअभिरक्षक, त्यांना फौजदारीचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. खाली उपमुख्य आणि सहायक. हे फक्त फौजदारी बघतात. पोटगी वगैरे अजूनही पॅनलकडेच, म्हणून तुमचा अनुभव आजही कोणाला येऊ शकतो.

उणिवा आहेत. कंत्राटी नेमणूक आहे. सहायक मंडळी बरीच नवीन असतात. फायली भरपूर, माणसं कमी. पण रिमांडच्या वेळी कोर्टात कोणीतरी हजर असावं, ही सोय आता आहे. ती त्या पोरापर्यंत का पोचली नाही, ते त्याच्या फाइलवरच कळेल.

---

तर्रीपोहे | २० जानेवारी, सायंकाळी ५:३३

म्हणजे सरकार पोलिसायले पगार देते पकडाले, जजसाहेबाले पगार देते आत टाकाले, अन् आता वकिलाले पगार देते बाहेर काढाले. मस्त आहे न बावा. सरकार स्वतःसंगच कॅरम खेळून रायलं.

---

सातासमुद्रापार | २१ जानेवारी, सकाळी ६:५०

तर्री, विनोद बाजूला ठेव, पण खरंच तसंच आहे आणि तसंच असायला पाहिजे. मी मूळची महालातली, सध्या अमेरिकेत. इथे याला 'पब्लिक डिफेंडर' म्हणतात आणि यामागे एक भारी गोष्ट आहे.

१९६१ साली फ्लोरिडात क्लॅरेन्स गिडियन नावाच्या माणसाला एका पूल रूममध्ये चोरीसाठी शिरल्याच्या आरोपात धरलं. त्याने जजना सांगितलं, माझ्याकडे पैसे नाहीत, मला वकील द्या. जज म्हणाले, फाशीच्या गुन्ह्यातच देता येतो. त्याने स्वतःच केस लढवली, हरला, पाच वर्षं शिक्षा झाली. तुरुंगात बसून त्याने पेन्सिलने अर्ज लिहिला, थेट त्यांच्या सुप्रीम कोर्टाला. १९६३ मध्ये सगळ्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. पुन्हा खटला चालला, या वेळी वकिलासह, आणि ज्युरीने त्याला सोडलं. आरोप तोच, शहर तेच, फरक फक्त वकिलाचा.

म्हणजे इथे सगळं आलबेल आहे असं नाही. इथल्याही डिफेंडरांच्या टेबलावर फायलींचे डोंगर असतात.

---

काळाकोट | २१ जानेवारी, सकाळी ९:०५

गिडियनची गोष्ट लॉ कॉलेजात आवडीने सांगतात. पण आपल्या घरची जास्त कडक आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. १९७९ चं हुसैनआरा खातून प्रकरण. बिहारच्या तुरुंगांत लोक खटला सुरू न होता इतकी वर्षं पडून होते की गुन्हा सिद्ध झाला असता तरी तेवढी शिक्षा झाली नसती. न्या. भगवती यांनी मोफत वकील हा राज्यघटनेच्या कलम २१ चाच, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच, भाग ठरवला. त्याच्या आदल्या वर्षी न्या. कृष्ण अय्यर यांनी होसकोट प्रकरणात तेच सांगितलं होतं, आणि ते प्रकरण तर महाराष्ट्राचंच. १९८० च्या अखेरीला खत्री प्रकरणात, ते भागलपूरचं डोळे फोडल्याचं, कोर्ट म्हणालं की पैसे नाहीत ही सबब राज्याला चालणार नाही आणि मॅजिस्ट्रेटने आरोपीला पहिल्यांदा समोर आणल्यावरच हा हक्क सांगायला पाहिजे. १९८६ मध्ये सुक दास प्रकरणात, ते अरुणाचलचं, आरोपीने मागितला नाही म्हणून दिला नाही, हेही चालणार नाही असं ठरलं. आणि २०१२ मध्ये कसाबच्या निकालात सुप्रीम कोर्टाने हेच पुन्हा बजावलं.

कसाबलाही वकील दिला होता आपण. ज्याला वाटतं चोराला कशाला, त्याने यावर थोडा विचार करावा.

'मान हलवली' हे मी परवापासून डोक्यात घेऊन फिरतो आहे. कायदा म्हणतो साहेबांनी सांगायला पाहिजे, आणि बहुतेक साहेब सांगतातही. पण दोन शिपायांच्या मधे उभा, समोर तीस लोक, मागे दुसऱ्या केसचा पुकारा चालू, आणि 'विधी सेवा प्राधिकरणामार्फत विधिज्ञ हवा आहे काय' असं कानावर पडलं तर मीही मान हलवीन.

---

धरमपेठ_एक्स्प्रेस | २१ जानेवारी, सकाळी १०:४०

कसाबचं उदाहरण देऊन मला गप्प करू नका. त्या वेळीही माझा विरोध होता. २००४ मध्ये याच न्यायमंदिरात अक्कू यादव या गुंडाला लोकांनी मारलं ते का मारलं? कारण लोकांना वाटलं की हा पुन्हा जामिनावर सुटेल. गुन्हेगाराचे हक्क बोलताना नागपूरकराने ते विसरू नये.

---

निवृत्त_नाझर | २१ जानेवारी, सकाळी ११:१५

विसरणं शक्य नाही. त्यावर मी इथे लिहिणार नाही. पण अक्कू यादवला वकील मिळत नव्हता अशी कोणाचीच तक्रार नव्हती. तक्रार अशी होती की वस्तीतल्या बायांचं ठाण्यात कोणी ऐकत नव्हतं. तो प्रश्न वेगळा आहे. हमालाच्या पोराला वकील न देऊन तो सुटत नाही.

---

संपादक मंडळ | २१ जानेवारी, दुपारी १२:३०

२००४ च्या प्रकरणावरचे आणखी अकरा प्रतिसाद हलवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे मूळ प्रश्नावर राहा.

---

बजाजनगरवाला | २१ जानेवारी, रात्री ९:२०

आज हाफ डे टाकून मावशींना घेऊन गेलो. सविस्तर लिहितो, पुढच्याला उपयोगी पडेल.

ऑफिस शोधायला पंधरा मिनिटं. तीन जणांनी मधे अडवलं, "ॲफिडेव्हिट आहे का, नोटरी आहे का". आत गेल्यावर गर्दी होती, पण कोणी हाकललं नाही. एक पानी अर्ज. मावशींचा अंगठा नाही, सही करतात त्या, आणि ती सही करायला त्यांनी दोन मिनिटं घेतली. तिथल्या बाईंनी घाई केली नाही.

मग लोकअभिरक्षक कार्यालयात पाठवलं. ज्या वकील मॅडमकडे केस दिली त्या तिशीच्याही नसतील. टेबलावर टिफिन अर्धा उघडा, कारण मधेच कोर्टातून बोलावणं आलं होतं. नवीन फाइल काढली आणि कव्हरवर लाल स्केचपेनने पोराचं नाव आणि 'एमसीआर, तारीख' लिहिलं. मग मावशींना पहिला प्रश्न, "आई, त्याने गाडीचे पैसे कसे दिले? रोख का फोनवरून?"

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या. मीही हा प्रश्न कधी विचारला नव्हता. १५ हजारवाल्या साहेबांनीही नाही. मावशी म्हणाल्या, फोन पोलिसांकडे जमा आहे, पण पाच हजार माझ्या फोनवरूनच टाकले होते, त्याच्या फोनचा बॅलन्स संपला होता. मॅडमनी फोन मागितला. फोनपे उघडलं. नोव्हेंबरच्या १४ तारखेला पाच हजार, विकणाऱ्याच्या नावावर. खाली मेसेजमध्ये मावशींच्या पुतणीने टाइप केलेलं 'गाडी'.

मॅडमनी स्क्रीनशॉट काढून घेतला आणि म्हणाल्या, "ज्याला चोरीची गाडी आहे हे माहीत असतं तो आईच्या फोनवरून पैसे पाठवून खाली गाडी लिहीत नाही." बस. एवढंच. मग टिफिन बंद करून पुन्हा कोर्टात.

आधीच्या साहेबांनी वकीलपत्र टाकलेलंच नव्हतं. अर्जही नव्हता. काहीच नव्हतं.

---

तर्रीपोहे | २१ जानेवारी, रात्री ९:३१

'गाडी' 😭 त्या पुतणीले सांबारवडी माह्याकडून.

---

मु_पो_काटोल | २२ जानेवारी, सकाळी ६:२०

आमच्याकडे तालुका विधी सेवा समिती आहे, तिथेही अर्ज घेतात, नागपूरला यायची गरज नाही. हे काटोल, उमरेड, सावनेर, रामटेकच्या लोकांसाठी लिहून ठेवतो. शिबिरं होतात गावात, भाषणं होतात, पुष्पगुच्छ होतात. पण ज्याच्या घरचा माणूस रात्री अकराला उचलला त्याला शिबिरातलं आठवत नाही, त्याला सरपंच आठवतो.

---

बजाजनगरवाला | २७ जानेवारी, रात्री ८:५५

अपडेट. पोलिसांचा से २३ ला आला, आज सुनावणी. सकाळी अकरापासून बसलो, मॅडम दुसऱ्या कोर्टात साक्षीपुराव्यात अडकल्या होत्या, आमचं प्रकरण दोनदा पुकारून मागे ठेवलं. मावशी म्हणायला लागल्या, पाहा दादा, फुकटचं ते फुकटचंच. मलाही धाकधूक. साडेचारला त्या धावत आल्या, सात-आठ मिनिटं बोलल्या. पहिलाच गुन्हा, गाडी जप्त झाली आहे, त्याच्याकडून आणखी काही मिळवायचं नाही, पैशाचा पुरावा.

जामीन मंजूर! २५ हजारांचा जातमुचलका (पोराची स्वतःची लेखी हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक सॉल्व्हंट, म्हणजे ऐपत असलेला, जामीनदार. दर रविवारी ठाण्यात हजेरी.

मी पेढे घेऊन गेलो. मावशींनी विचारलं, जामीनदार म्हणजे कोण?

---

काळाकोट | २७ जानेवारी, रात्री ९:४०

अभिनंदन, आणि खरी मारामारी आता सुरू.

लोकांना वाटतं जामीन मिळाला की माणूस घरी. देशभरात कितीतरी लोक जामीन मंजूर होऊनही आत आहेत, कारण सातबारा, घरटॅक्सची पावती किंवा पगाराची स्लिप दाखवणारा कोणी त्यांच्या ओळखीत नाही. अख्खी वस्ती भाड्याने राहते, जामीनदार आणायचा कुठून? २०२२ च्या अखेरीला देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, त्यातली ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेली. शंभरात ७६.

तुमच्या कामाचं:

जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की जामिनाच्या आदेशानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळालाच नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. जामीनदार स्थानिकच पाहिजे असा हट्ट धरू नये, हेही त्यातच आहे.

शिवाय केंद्राची २०२३ ची गरीब बंद्यांसाठीची योजना आहे, तिच्यात जामिनासाठी मदत मिळू शकते, २०२३ ला ती ४० हजारांपर्यंत होती. पण ती समितीमार्फत जाते, वेळ लागतो. आधी नातेवाईक शोधा.

आणि कोर्टाबाहेर दोन हजारांत 'जामीनदार देतो' म्हणणारे भेटतील. भाड्याचे असतात, सातबारा खोटा असतो. पोरगा एका केसमधून सुटून दुसऱ्यात अडकेल.

---

बजाजनगरवाला | २८ जानेवारी, सकाळी ७:३०

मावशींचा भाऊ आहे, काटोल तालुक्यात दोन एकर. पण सातबारा जुना आहे आणि चार भावांची नावं त्यात.

---

मु_पो_काटोल | २८ जानेवारी, सकाळी ७:४८

जुना चालणार नाही. तलाठ्याच्या मागे लागू नका, ऑनलाइन डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. गट नंबर माहीत पाहिजे फक्त. सामाईक खातं असेल तर मॅडमना आधी दाखवा, कोणाचा हिस्सा किती हे कोर्ट विचारेल. मामाला सोबत आधार, रेशन कार्ड आणि दोन फोटो घेऊन यायला सांगा. आणि पहाटेची एसटी धरायला सांगा, दुसरीच्या भरवशावर राहिलं की अकराचं कोर्ट गेलंच समजा.

---

बजाजनगरवाला | ३ फेब्रुवारी, रात्री १०:१५

मामा ३० ला आले, दुसऱ्याच एसटीने. साहेब त्या दिवशी रजेवर. चार्ज दुसऱ्या कोर्टाकडे होता, तिथे कागद बघितले आणि म्हणाले, मूळ कोर्टातच द्या. मामा परत गेले, कपाशीचा वेचा सुरू आहे त्यांचा. आज पुन्हा आले. या वेळी मॅडमसोबत उभे राहिले. साहेबांनी विचारलं, "पोरगा तारखेला आला नाही तर २५ हजार तुम्हाला भरावे लागतील, माहीत आहे?" मामा म्हणाले, "माहीत आहे जी. भाचा आहे माहा." झालं.

रिलीजचा कागद जेलमध्ये संध्याकाळी उशिरा पोचला, म्हणून आज सोडलं नाही. उद्या सकाळी.

---

धरमपेठ_एक्स्प्रेस | ३ फेब्रुवारी, रात्री १०:५०

माझं मत फार बदललेलं नाही, पण १५ हजारवाल्याचं काय झालं ते लिहा. तो मला जास्त चोर वाटतो.

---

बजाजनगरवाला | ४ फेब्रुवारी, दुपारी १:२०

एक्स्प्रेस, मी फोन केला, कॉलेजच्या लँडलाइनवरून, म्हणून उचलला. चार हजार परत आले. बाकीचे 'पुढच्या महिन्यात'. बघू.

आज साडेनऊला राहाटे कॉलनी चौकात उभे होतो आम्ही. पोरगा दहाच्या सुमारास बाहेर आला. पायात चप्पल नव्हती, कोणाची तरी राहून गेली, कोणी तरी घातली, असं काहीतरी सांगत होता. मावशींनी आपल्या पायातली काढून दिली, त्याला ती लहान, तरी टाचा बाहेर ठेवून चालला. तीन आठवडे आणि थोडे दिवस झाले. कळमन्यात त्याच्या जागी दुसरा लागला आहे.

एक विचारायचं होतं. पुढची तारीख १८ ची. त्याच दिवशी हिंगण्याला एका कंपनीत लोडरच्या कामासाठी बोलावलं आहे. तारखेला नाही गेलं तर चालतं का? वकील तर असतीलच ना तिथे?

---

काळाकोट | ४ फेब्रुवारी, दुपारी १:३४

नाही चालत. सुटल्यावरची पहिलीच तारीख आहे. गैरहजेरी माफीचा अर्ज मॅडम देऊ शकतात, पण तो कारणासह, आधी सांगून. न सांगता नाही गेला तर वॉरंट निघू शकतं आणि मामांच्या सातबाराला झळ लागेल. उद्याच मॅडमना फोन करा, कंपनीचा मेसेज असेल तर तो पाठवा. नाहीतर कंपनीलाच १९ ची वेळ मागा.

---

तर्रीपोहे | ४ फेब्रुवारी, दुपारी १:५२

हिंगण्याच्या कंपनीचं नाव मले व्यनि (खासगी मेसेज) कर दादा. तिथं माहा एक दोस्त सुपरवायझर आहे, १९ चं पायतो जमते का.

---

बजाजनगरवाला | ४ फेब्रुवारी, दुपारी २:०५

केला.